सिस्टरआत्यानं दिलेली माझी गाडी

सिस्टरआत्यानं लग्नात दिलेल्या भांड्यावर तिचं नाव कधीच नसायचं. आमच्याकडे हे आक्रितच. मुखेडच्या दुकानात कळशी घेतली की नाव कोरायचं मशीन हातात धरून दुकानदार पहिलं विचारणार, "कुणाकडून टाकू?" मग 'अमक्याकडून तमकीस सप्रेम भेट' असं कोरून झालं की देणारा निर्धास्त. आत्या मात्र फक्त नवरीचं नाव कोरून घ्यायची. आडनाव माहेरचं टाकू की सासरचं, असं त्यानं विचारलं की म्हणायची, "आडनाव लोकायचं असतंय. नुसतं नाव टाक."

माझ्या आईनं एकदा तिला टोकलंच, "अक्का, कुणी दिलं ते कळायचं कसं?"

"कळून काय करायचंय? पाणी मी भरणार हाय का ती?" आत्या म्हणाली. यात तिचा एक पक्का हिशोबही होता. "अन् पोरीचं नाव असलं की सासूला ती कळशी दुसऱ्याच्या लग्नात फिरवता येत न्हाई."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती म्हणून गाव तिला सिस्टर म्हणायचं आणि घरात ती सिस्टरआत्या झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. बाळंतिणींसाठी वाड्यातांड्यांवर जायचं आणि एसटीची वाट बघत फाट्यावर उभं राहायचं, याला कंटाळून तिनं पन्नाशीनंतर एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि स्वतःच चालवायला लागली. बाई गाडी चालवताना दिसली की पारावरचे बाप्ये हसायचे. आत्या काच खाली करून सांगायची, "हसा, हसा. तुमच्या घरची अडली की ह्याच गाडीत बसणार हाय." आणि तसंच व्हायचं. मागच्या सीटवर कायम रबराची चादर अंथरलेली असे. एकीला नांदेडला नेताना तिची पोरगी त्या चादरीवरच जन्मली. त्या पोरीला गावात अजून मोटर म्हणतात.

तिची आणखी एक खोड होती. कुणाच्याही घरी गेली तरी उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "बसू का?" तेही सासूला नाही, सुनेला. सासू दारात उभी, पाहुणी सिस्टर, आणि परवानगी कालच्या सुनेची! सासवा धुसफुसायच्या. सुना आधी गोंधळायच्या, मग हळूच म्हणायच्या, "बसा की." तेवढं ऐकल्याशिवाय आत्या बाजेवर टेकायची नाही.

निवृत्तीनंतर तिचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस तिचा मला फोन आला. "जय भीम. सुजाता, गाडी तुला दिली. आधी चालवायला शीक." मी जळकोटजवळच्या एका शाळेत शिकवते. दोन बस बदलून जाताना रोज माझा जीव मेटाकुटीला येई, त्यामुळे मला ती गाडी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. लायसन लग्नाआधीच काढलं होतं, पण ते ओळखपत्र म्हणूनच कामाला यायचं. मग ओळीनं चार रविवार आत्या मांडीवर पर्स घेऊन माझ्या शेजारी बसली आणि मी शिकले.

नावावर करायचे फॉर्म मी घरीच भरले. 'नवीन मालक' या रकान्यात मी मिलिंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं. त्यानं तसं सांगितलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. घर त्याच्या नावावर, मोटारसायकल त्याच्या नावावर, लाइटबिल त्याच्या नावावर. हात आपोआपच तिकडे गेला.

नांदेडच्या आरटीओ ऑफिसबाहेर झाडाखाली एक एजंट टेबल टाकून बसला होता. त्यानं कागद पुढे केले. "मावशी, हितं सही करा." पण जिनं जन्मभर औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचलं, ती न वाचता सही कशी करणार? गाडी बक्षीस दिल्याच्या शपथपत्रात 'प्रेमापोटी' असं लिहिलेलं होतं. ते बघून ती म्हणाली, "हे सरकारला कशाला सांगायचं?" मग पुढचा फॉर्म तिनं डोळ्यांजवळ नेला आणि थांबली.

"गाडी मी जावयाला दिली का गं?"

"आत्या, एकच की. घरातच राहती."

"एकच हाय तर तुझं लिहायला काय झालं होतं?"

एजंट मदतीला धावला. "मावशी, समदे गड्याचंच नाव टाकतेत."

आत्यानं पेनाला टोपण लावलं, पेन पर्समध्ये टाकलं. "मग न्हाई देत," म्हणाली आणि गुडघे सांभाळत गेटकडे चालू लागली.

मी तिथंच उभी राहिले. मिलिंदला फोन लावला, तर तो म्हणाला, "तुझी आत्या, तुझी गाडी. मला कशाला विचारायलीस?" खरंच, कशाला? मी नवा फॉर्म घेतला, माझं नाव लिहिलं आणि गेटपाशी जाऊन तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला. मग पर्स उघडली.

गाडीचं कार्ड माझ्या नावानं पोस्टानं आलं, तेव्हा मी तिला फिरवायला मुखेडला गेले. आत्या गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली, पण दार काही उघडेना. "बसू का?"

मला हसू आलं. "आत्या, तुझीच गाडी हाय की!"

"मग अजून झाली न्हाई तुझ्या नावावर," असं म्हणून ती घरात निघून गेली. त्या दिवशी माझी फेरी फुकट गेली. मी चिडले होते, हेही सांगते.

गेल्या वर्षी ती फार आजारी पडली. तिला नांदेडच्या दवाखान्यात मीच नेलं. तिथून ती परत आली नाही. तिच्यावाचून मला अजून करमत नाही, आणि आठवते ती निघतानाची सकाळ. मागच्या सीटवर मी तिचीच रबराची चादर अंथरली होती. आई आणि मी तिला दोन्हीकडून धरून गाडीपाशी आणलं. तिच्या अंगात उभं राहण्याचं बळ नव्हतं, तरी तिनं दाराची कड धरली आणि आत पाऊल टाकेना.

"बसू का?"

आई म्हणाली, "अक्का, आता हे काय काढलंत?" आत्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"माझी गाडी हाय, आत्या," मी म्हणाले. "बस."

तेव्हा ती बसली.