मांजरीच्या वाट्याचं दूध

महापे गावातल्या चहाच्या टपरीवर कंपनीत काम करणारा एक तरुण रोज ग्लासभर दूध घ्यायचा, दोन घोट प्यायचा आणि उरलेलं मांजरीच्या बशीत ओतायचा. शेजारी चहा पिताना मला ते खटकायचं. एकदा विचारलंच.

"अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू बी गेले," तो म्हणाला. "दूध पचवणारं एन्झाइम कमी पडतंय. डॉक्टर बोलले, हळूहळू सवय करा."

"मग दूध सोडा की!"

"गावाला गेलो की आई म्हशीचं दूध समोर ठेवते. नको म्हटलं तर तिला वाटंल, पोरगं परकं झालं."

पुढे बशीतलं दूध कमी होत गेलं. त्याच्या गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तो बॅग घेऊन आला, अख्खा ग्लास प्यायला. पोटावर हात ठेवून बाकावर बराच वेळ बसला. मग हसून साताऱ्याच्या गाडीला निघाला.

मांजर रिकामी बशी चाटत राहिली.