राहण्या-खाण्याचा प्रश्न

"दुखतंय का, काका?" हा प्रश्न ती नेहमी हात ओढून झाल्यावर विचारायची. आधी विचारलं तर पेशंट हो म्हणतो, असं तिचं म्हणणं.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी माझा उजवा खांदा आखडला. सदर बाजारात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. वय तिशीच्या पुढे. शहराच्या टोकाला असलेल्या रांझीहून स्कूटीवर यायची. वडील सरकारी फॅक्टरीत होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांनी बांधलेल्या घरात आता ती आणि तिची आई, दोघीच राहत.

व्यायाम मोजताना ती आठनंतर पुन्हा सहावर यायची.

"मॅडम, आठ झाले होते."

"अच्छा? मग मला मोजता येत नाही. चलो, सहा!"

असं गोड बोलून छळणारं माणूस तुम्हालाही कधी ना कधी भेटलं असेलच.

एकदा तिच्याकडे एका जवानाची बायको पाठदुखीसाठी आली. दुखणं पाठीचं नाहीच, आत काहीतरी आहे, हे हिला हात लावताच जाणवलं. तसं तिने बाईला पाठवणाऱ्या डॉक्टरांना कळवलं. "तुम्ही फक्त व्यायाम करून घ्या," असं उत्तर मिळालं. तीन आठवड्यांनी हिचंच खरं निघालं. बाई वाचली, पण ते तीन आठवडे हिच्या डोक्यातून गेले नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचं, असं तिने ठरवलं. पण इथे पुन्हा पहिल्यापासून डॉक्टरकी शिकायची तर फार वर्षं जाणार. मग तिने आयर्लंडमधला पदवीधरांसाठीचा चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम शोधून काढला, अभ्यास करून प्रवेश परीक्षा दिली आणि जागा मिळवली.

हे सगळं मला माझा हात तिच्या हातात असताना कळलं. बँकवाला म्हणून तिने कर्जाचे कागदही माझ्यासमोर ठेवले. फीसाठी वडिलांनी घेऊन ठेवलेल्या दुसऱ्या एका प्लॉटवर कर्ज मंजूर झालं होतं. राहण्या-खाण्यासाठी मात्र राहतं घर एका खाजगी कंपनीकडे गहाण पडणार होतं, तेही चढ्या व्याजाने. सह्या सोमवारी व्हायच्या होत्या.

"हे पैसे एकाच वर्षाचे आहेत. पुढची तीन वर्षं?" मी विचारलं.

"ॲडमिशनचा एजंट म्हणतो, तिथे पार्ट टाइम काम करून निघतं."

"एजंट तिथे शिकलाय का? जी शिकतेय तिला विचारा."

तिने तिथल्याच एका विद्यार्थिनीला गाठलं. शनिवारी उत्तर आलं. खोलीचं भाडं एजंटने सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय तिसऱ्या वर्षापासून दिवसभर रुग्णालयात, नोकरीला वेळच नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षीच हप्ते थकले असते आणि घर गेलं असतं.

सोमवारी ती सहीला गेली नाही. आईच रागावली. "माझी चिंता काहून करून राहिली? मी राहीन कुठंही एका खोलीत."

"तू भाड्याच्या खोलीत, आणि मी तिकडे अभ्यास कसा करू गं?"

पुढचे काही आठवडे ती व्यायाम अगदी बरोबर मोजायची. दहा म्हणजे दहाच. मला ते सहन होईना.

मग एक दिवस ती आठवरून थेट तीनवर आली.

"काय झालं?" मी ओरडलोच.

ती हसत सुटली. तिने कॉलेजला सरळ लिहिलं होतं, की जागा सोडायची नाही, पण राहण्या-खाण्याचा मेळ बसत नाही, तर काही मार्ग आहे का? त्यांनी जागा एक वर्ष राखून ठेवली. वसतिगृहात नव्या मुलांची देखरेख करायला वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना नेमतात, त्यांना खोली आणि जेवण फुकट, हेही कळवलं. व्हिडिओवर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, न ऐकणाऱ्या मुलांना कसं सांभाळाल? हिने सांगितलं, मी निवृत्त बँक अधिकारी सांभाळते. चारही वर्षांसाठी तिची निवड झाली.

त्या राखीव वर्षात तिने क्लिनिक दुप्पट वेळ चालवून वरखर्चाची सोय केली. घराचे कागद पुन्हा कपाटातून बाहेर निघालेच नाहीत.

मागच्या ऑगस्टमध्ये सकाळच्या गाडीने ती विमान गाठायला दिल्लीला निघाली. स्टेशनवर मी आणि तिची आई. खिडकीतून तिने मला हात वर करायला लावला. मी पूर्ण वर केला. तिने तो बघून मान हलवली, आणि तेव्हाच तिचे डोळे भरले.

गाडी गेली. आई बाकावर बसली आणि पदराने चेहरा पुसू लागली. मी जवळ गेलो. तोच लक्षात आलं, की बाई हसताहेत.

"काय झालं, ताई?"

"काही नाही, भैया. तेव्हा म्हटलं खरं, कुठंही राहीन म्हणून, पण मनात एकच होतं, की ही गेली की मी कुठं जाईन." त्या उठल्या, पर्समधून किल्ली काढून त्यांनी मुठीत धरली. "चला, ऑटो बघा. कुठं म्हणजे काय, मी माझ्याच घरी जाऊन राहिले."