दोरा काढलेली पुडी

आप्पांच्या देवघरातला खंडोबाचा टाक माझ्या हातून हरवला, तेव्हा मी देवाला मानणारा होतो की नाही, हे मला नीट सांगता आलं नसतं. पूजा करत होतो खरी. पण आजारी वडिलांची औषधं आणावीत, तशी ती त्यांच्या वतीने उरकत होतो. हात ताम्हणात असायचे आणि डोळे घड्याळाकडे. मनात एक कोरडेपणा आला होता. तो कुणाला सांगायची लाज वाटे, आप्पांना तर फारच.

आप्पा म्हणजे माझे वडील. पुरंदरकडच्या आमच्या गावातून ते तरुणपणी पुण्याला आले आणि पालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून लागले. सायकलच्या दांडीला ती उंच लोखंडी चावी बांधायची, दिवस उजाडायच्या आत निघायचं आणि एकेका वस्तीचं पाणी सोडत जायचं, असं त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या एका खोलीतून आमचं अख्खं घराणं पुढे गेलं. दोन चुलते, आत्याची मुलं, शेवटी गावच्या शाळेतून दहावी होऊन आलेला मी. कोण कुठे निजायचं हे आप्पा ठरवायचे, आणि जागा कमी पडली की स्वतः दारात अंथरूण टाकायचे. ते स्वतः चौथी शिकलेले. मी बी.एस्सी. झालो, घरातला पहिला पदवीधर, तेव्हा त्यांनी प्रमाणपत्राला चौकट करून ती देवघराशेजारी लावली आणि काचेवर भंडाऱ्याचं बोट टेकवलं. तो पिवळा ठिपका मी आजवर पुसू दिलेला नाही.

त्यांची पूजा साधी होती. मंत्र त्यांना येत नव्हते. देवांना आंघोळ घालून, पुसून जागेवर ठेवलं की ते एकेकाला हाक मारायचे. "खंडोबा. तुकाई. जोगूबाई. भैरोबा. वीर." शाळेत हजेरी घेतात तशी. आणि मग विचारायचे, "आले का सगळे घरी?" लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे आलो की मला वाटायचं, ते आम्हा माणसांबद्दलच विचारतात. मी अंथरुणातून ओरडायचो, "आलो, आप्पा!" ते खूप हसायचे.

पूजा झाली की निर्माल्य काढायचं काम ते कुणाला देत नसत. हारातला दोरा ओढून काढायचा, फुलं, बेल, तुळस वेगळी करायची, ती वर्तमानपत्रात बांधायची आणि त्याच दोऱ्याने पुडी आवळायची. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नाही. नदीच्या पुलावरच्या निर्माल्यकलशात ती पुडी ते अलगद ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, शेवटी कचराच ना तो? कशाला एवढा वेळ घालवता?" ते म्हणाले, "पुढं कुणीतरी हातानं निवडत असंल ना रं. दोऱ्यानं बोटं कापत्यात." मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

त्या वर्षी श्रावणात आप्पा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. काचबिंदूने नजर आधीच अधू झाली होती. खाली मांडी घालून बसणं संपलं आणि पूजा माझ्याकडे आली. खराडीला जाणारी कंपनीची बस आठला यायची. दोरे काढत बसायला मला वेळ नव्हता. मी सगळं पिशवीत कोंबायचो आणि बसला जाता जाता पुलावर टाकून द्यायचो. दुपारी आप्पा काठीच्या आधाराने देवघरापाशी येत, खुर्चीत बसून देवांना बोटांनी चाचपत आणि हळू आवाजात हजेरी घेत.

मार्गशीर्ष तोंडावर आला होता. दोन दिवसांत खंडोबाचे घट बसायचे होते. चंपाषष्ठीला सगळे चुलते, भाऊ जमणार होते, आणि तळी उचलून झाली की आप्पा सगळ्यांसमोर देवघर माझ्या हाती देणार होते. "माझ्या डोळ्यांदेखत दिलेलं बरं," एवढंच ते बोलले होते. त्यांची प्रकृती पाहता आम्हाला त्याचा अर्थ कळत होता.

तो गुरुवार होता. मी नुकताच कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचलो होतो, तोच बायकोचा फोन आला. "अहो, टाक पाच होते ना? चारच आहेत. खंडोबा नाही." सकाळी ओला बेल ओंजळीने उचलल्याचं आठवलं. त्याच ओंजळीत देव गेला होता. आप्पांच्या आजोबांपासून चालत आलेला, दोन बोटं रुंद चांदीचा पत्रा. "आप्पांना सांगू नकोस," म्हणालो आणि रजा टाकून निघालो.

पुलावरचा कलश रिकामा होता. विचारत विचारत मी नदीकाठच्या त्या शेडपाशी गेलो, जिथे निर्माल्याचं खत करतात. झेंडूचा, कुजक्या पानांचा उग्र वास येत होता. पाच-सहा बायका ढिगांभोवती बसून निवडत होत्या. पिशव्या एकीकडे, दोरे एकीकडे, नारळ एकीकडे. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंना मी सगळं सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "फोटो, मूर्ती रोज येत्यात. टाकायला समदे येत्यात, न्यायला तुमीच पयले." मग विचारलं, "दिसतो कसा तुमचा देव?"

मी सांगू लागलो आणि थांबलो. घोड्यावर खंडोबा एकटा की म्हाळसेसह? घोड्याचं तोंड उजवीकडे की डावीकडे? मला सांगता येईना. चार महिने मी त्याला रोज आंघोळ घालत होतो.

"आंघोळ घालता आन तोंड ठावं नाई?" बाकीच्या बायका हसल्या. ते हसू मला लागलं, कारण ते खरं होतं.

"माझी पूजा नाही हो ती, मावशी," मी कसाबसा म्हणालो. "वडिलांची आहे. त्यांना खाली बसता येत नाही म्हणून मी करतो. त्यांच्या हातून कधी असं झालं नसतं. ते तर हारातला दोरासुद्धा काढून ठेवायचे."

मावशींचा हात थांबला. "दोरा काढून? पेपरात बांधलेली पुडी? वर त्योच दोरा?"

"हो."

"ती पुडी तुमची व्हय?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अगं ए सुमन, पुडीवाल्या म्हातारबाचा ल्योक आलाय!" आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गाडीवाला सांगायचा, एक म्हातारबा ठिवतो. किती वरसं आमाला ती एकच पुडी निवडावी लागत न्हवती. चार म्हैने झालं, येईना. आमी म्हटलं, म्हातारबा गेलं."

ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नाही, अशा माणसांच्या बोटांची काळजी आप्पांनी केली, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी त्यांची वाट पाहिली. हे दळणवळण माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी त्याला चाळा म्हटलं होतं.

मावशींनी सांगितलं की आज सकाळी आलेला माल एव्हाना यंत्रात जाऊन बारीक झाला असता. पण गुरुवार, म्हणजे दर आठवड्यासारखी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट बंद. ढीग तसाच पडून होता. मी बाह्या वर करून त्यांच्यात बसलो. दोऱ्यांनी माझी बोटं कापली, तेव्हा मला कळलं की ते खरंच कापतात. दोन वाजले, तीन वाजले. मी मनातल्या मनात काही मागत नव्हतो. कुणाला मागावं हेच सुचत नव्हतं. एवढंच म्हणत होतो की, माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी सापड.

साडेतीनच्या सुमारास सुमनने बेलाचं एक पान उचललं. त्याच्या पाठीला टाक चिकटला होता. मावशींनी तो माझ्या हातात दिला नाही. आधी नळाखाली धरला, पदराने पुसला, कपाळाला लावला आणि मग माझ्या ओंजळीत ठेवला. "बघा आता नीट," त्या म्हणाल्या. मी पाहिलं. खंडोबा एकटा नव्हता, पाठीशी म्हाळसा होती. घोड्याचं तोंड उजवीकडे होतं आणि चार पिढ्यांच्या बोटांनी ते झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याच क्षणी शेडमधला पंखा फिरू लागला. लाईट आली होती. याला काय म्हणावं, मला माहीत नाही. मी शास्त्राचा विद्यार्थी आहे; गुरुवार होता, हेही मला माहीत आहे. पण मी तिथेच, त्या ओल्या फरशीवर, डोकं टेकलं.

घरी आलो तेव्हा आप्पा खुर्चीत बसले होते. मी टाक त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी घोड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"दुपारी हात लावला तवाच कळलं मला," ते म्हणाले. "म्हटलं, भाईर गेलाय. येताना तुला घिऊन येईल."

"रागावला नाहीत?"

"रागवायचं काय त्यात? हरवला तू व्हतास. त्यो आणायला गेला."

चंपाषष्ठीला येळकोटाच्या गजरात तळी उचलली आणि आप्पांनी माझ्या कपाळाला भंडारा लावून देवघर दिलं. घट उठल्यावर मी निर्माल्याची पुडी बांधू लागलो. पहिले काही दिवस ती सैल व्हायची. आप्पा हातात घेऊन पुन्हा आवळून द्यायचे. फाल्गुनात एका सकाळी, पूजा चालू असतानाच, ते शांतपणे गेले. मी हजेरी घेत होतो. "आले का सगळे घरी?" असं विचारलं आणि मागे पाहिलं, तर ते खुर्चीत मान टेकून होते. सगळे आले असल्याची त्यांची खात्री झाली असावी.

सुतक फिटल्यावर मी पुन्हा पुडी बांधली. कलशात न टाकता ती घेऊन शेडवर गेलो. मावशींना आप्पांचं सांगायचं होतं. मी पुडी पुढे केली. त्यांनी पुडी हातात घेतली आणि गाठ पाहिली.

"तेरा दिवस पुडी न्हवती," त्या म्हणाल्या. "तवाच कळलं. रोज एक फूल बाजूला काढून ठिवलं म्हातारबासाठी."

मग त्यांनी माझी पुडी न उघडता, न निवडता, सरळ खताच्या खड्ड्यात सोडली.