अखंड मास्तरांचा खांदा आणि पोट

अखंड मास्तर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. भिंत आणि छत जिथं मिळतात तिथं प्लास्टरची नक्षीदार पट्टी धावते ना, तिला म्हणायचं कंगोरा. तो काढणारे हे मास्तर. परांचीवर उभं राहायचं, ओला माल थापायचा आणि त्यावरून पत्र्याचा साचा ओढत न्यायचा. कालवलेला माल पाव तासात धरतो, दगड होतो. मध्येच हात सोडलात की तिथं सांधा राहतो, आणि दिवा लावला की तो सांधा घरातल्यांच्या डोळ्यांत रोज खुपतो. बाकीचे कारागीर सांधा घासूनपुसून लपवतात. मास्तरांनी तीस वर्षांत एकही दिला नव्हता, म्हणून ते अखंड. आणि त्या नावाचा त्यांना तोरा किती, ते विचारू नका.

खाली माल कालवायला मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वीस वर्षांची जोडी. वरून मास्तरांनी "माल!" अशी हाळी द्यायची आणि खालून मेहुण्यानं "घ्या दाजी" म्हणत घमेलं वर सरकवायचं. यापलीकडे दिवसभरात दोघांचं फारसं बोलणं होत नसे.

आणि अशा माणसाला नेमकं हे दुखणं व्हावं! छप्पन्नावं लागलं आणि पोट बिघडलं. वाटलं, काहीतरी बाधलं असेल. चार दिवस गेले, मग महिना गेला. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा, नुसतं पाणी. कळ आली की "जरा दम धर" म्हणायची सोयच नाही. बरं, कामाची जागा कसली? तर अर्धवट बांधलेली घरं. घरात सगळं बसवून झाल्यावर शेवटी काय बसवतात, तर संडासाचं भांडं. नव्या कामावर गेल्यावर मास्तर पूर्वी आधी छत बघायचे. आता आधी विचारायचे, "जवळपास सोय कुठं आहे हो?" घरमालक चमत्कारिक नजरेनं बघायचा.

एकदा बारा फुटांच्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, कळ आली. मास्तरांनी दात खाल्ले, आणखी दोन फूट साचा ओढला, आणि मग सगळं टाकून शिडीवरून धावले. धावूनही वेळेत पोचले नाहीत. परत आले तेव्हा मेहुणा उगाचच रिकामं घमेलं धूत पाठमोरा उभा होता. वर माल दगड झाला होता आणि तीस वर्षांतला पहिला सांधा भिंतीवर दिसत होता. मास्तरांना कपडे खराब झाल्याची लाज वाटली, पण सांध्याची त्याहून जास्त वाटली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दिवसा खाणंच बंद केलं. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार, असा हिशेब. पण पोटाला हिशेब कुठला कळतोय! चहा सोडला, दूध सोडलं, तिखट सोडलं. पट्ट्याला नवी तीन भोकं पाडावी लागली. सल्ले द्यायला मात्र सगळं गोत हजर. थोरल्या भावानं तर निकालच लावला, "अरे, मनाचं खूळ आहे. कामात लक्ष घाल, आपोआप जाईल." मास्तर त्याला म्हणाले, "दादा, कामातच लक्ष आहे रे. पोटच तिथं टिकू देत नाही."

पहिल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडं तपासलं. स्वच्छ! अगदी आरशासारखं, म्हणाले. रिपोर्ट नॉर्मल. मास्तर तो कागद हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, कारण आता "मला खरंच होतंय" असं सांगायचं कुणाला?

दुसऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण जिद्दीच्या. त्यांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. आठ दिवसांनी म्हणाल्या, "मास्तर, सापडलं. याला मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. आतड्याच्या अस्तराला सूज आहे. हा कॅन्सर नाही, जीवाला धोका नाही." मास्तरांनी तिथंच रुमाल तोंडाला लावला. आजार आहे, याचाच आनंद झाला माणसाला! शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, रडताय काय, धोका नाही म्हणतायत ना त्या?"

मग बाईंनी विचारलं, "दुसरी कुठली औषधं चालू आहेत?"

"छे! आयुष्यात औषधाला शिवलो नाही," मास्तर छाती काढून म्हणाले.

आता इथं खरी गंमत, आणि खरी गोची. दिवसभर डोक्याच्या वर हात करून काम करायचं, तर खांदा राहील का जाग्यावर? कंगोरा काढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पेटीत थापीशेजारी, ओळंब्याशेजारी दुखण्याच्या गोळ्यांची एक पट्टी असते. सकाळी हत्यारं काढायची, एक गोळी टाकायची. दुपारी साचा पुसायचा, दुसरी टाकायची. तिला कुणी औषध म्हणत नाही. ती हत्यारांत धरतात. मास्तर खोटं बोलले नव्हते हो, त्यांच्या ते डोक्यातच आलं नाही.

बाईंनी सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत पोट जाग्यावर! मास्तर मेहुण्याला म्हणाले, "आता बघ, सगळे सांधे विसरून जा." दोन महिन्यांनी गोळ्या संपल्या, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. परत गोळ्या, परत बरं, परत तेच. बाईंना काही उलगडेना. शेवटी मास्तर चष्मा विसरले म्हणून बायको कधी नव्हे ती कामावर गेली आणि तिनं नवऱ्याला पाण्याच्या घोटाबरोबर गोळी टाकताना बघितलं. तिनं ती पट्टी उचलली, मास्तरांना उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

"किती वर्षं घेताय?" बाईंनी विचारलं.

"अकरा. रोज दोन."

"आणि मला म्हणालात, औषधाला शिवलो नाही!"

"हे औषध कुठं आहे बाई, हे तर कामाचं आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सगळ्यांचंच यानं होतं असं नाही, पण या गोळ्यांनी हा आजार होऊ शकतो, उलटू शकतो. आजपासून बंद." खांद्यासाठी त्यांनी दुसरी, साधी गोळी दिली आणि व्यायाम शिकवला. त्या गोळीनं खांद्याला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत.

सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा आणखी एक फेरा झाला आणि या खेपेला पोट थांबलं ते थांबलंच. मास्तर जेवू लागले, लांबवर जाऊ लागले, एकदा तर सोय कुठं आहे ते न विचारता बाजारात तास काढून आले. फक्त उजवा हात कानाच्या वर जाईना. व्यायाम करून झाला, शेक देऊन झाला. मग एका सोमवारी त्यांनी बायकोची नजर चुकवून जुनी गोळी टाकली. हात सुरेख वर गेला! बुधवारपर्यंत काम दणक्यात झालं. शनिवारी ते दिवसातून नऊ वेळा पळत होते. संडासाच्या दाराआडून ते ओरडले, "अगं, मी काय करू ते तरी सांग!" ती दाराबाहेर उभी राहिली. तिला तरी कुठं ठाऊक होतं?

पोट पुन्हा बरं व्हायला दीड महिना गेला. तेवढ्यात मोठं काम आलं. बावीस फुटांचा दिवाणखाना, चारी भिंतींना कंगोरा. मालकानं मुद्दाम अखंड मास्तरांनाच बोलावलं होतं. मास्तर गोळी न घेता परांचीवर चढले. सहा फूट साचा झकास गेला. सातव्या फुटाला खांद्यातून कळ निघाली आणि हात आपोआप खाली येऊ लागला. "धर रे, धर!" मास्तर ओरडले. मेहुणा दोन ढांगांत वर चढला, चालता साचा त्यांच्या हातातून घेतला आणि पार भिंतीच्या टोकापर्यंत नेला. सांधा पडला नाही. वीस वर्षं खालून बघून बघून मेहुण्याला सगळं येत होतं, आणि तो कधी एका शब्दानं बोलला नव्हता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "या दुसऱ्या भिंतीला मी ओढू?"

"ओढ."

मास्तर खाली उतरले आणि माल कालवायला बसले. गुठळ्या राहिल्या, त्या त्यांनी बोटांनी फोडल्या. वरून हाळी आली, "माल!" आणि मेहुण्यानं जीभ चावली. "म्हणजे... द्या दाजी, सावकाश द्या."

मास्तरांनी दोन्ही हातांनी घमेलं उचललं. छातीपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. मेहुणा परांचीवर पालथा झाला, दोन्ही हात खाली सोडले, तरी वीतभर कमीच पडत होतं. मास्तर दात खाऊन उभे होते, चेहरा पांढराफटक. मेहुणा तो चेहरा ओळखत होता. तो धडपडत खाली आला, त्यानं घमेलं घेतलं आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, "दाजी, जाऊन येताय का? वरच्या मजल्यावर भांडं बसवलंय, पाणीही आहे. मी थांबतो तोवर."

"नाही रे," मास्तर म्हणाले, "पोट एकदम ठीक आहे."

वर्षभर ज्या एका वाक्यासाठी त्यांनी देव पाण्यात घातले होते, ते वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना रडूच फुटलं. मेहुणा क्षणभर घुटमळला. मग घमेलं घेऊन तो वर चढला, कारण माल धरत चालला होता.