तिनं धरलेली जागा

बारामतीत आमच्या शिलाईच्या कारखान्यात लघवीला जायलासुद्धा बिल्ला लागायचा. तीस बायकांच्या लाइनीला एकच लाल बिल्ला. तो खिळ्यावर नसला की तसंच दाबून बसायचं. साहेब घड्याळ बघत उभाच. मेल्याला दुसरा उद्योग नव्हता.

कामगारांच्या गाडीत मी लासुर्ण्याला चढायची. निमगाव केतकीची माझी मैत्रीण आधीच बसलेली असायची, शेजारच्या जागेवर पर्स ठेवून. मला बघितलं की पर्स उचलायची आणि म्हणायची, "टेक बाई." मग बारामती येईपर्यंत आमच्या तोंडाचा पट्टा चालू.

एकदा पाळीच्या दिवसांत मला फार त्रास होत होता आणि बिल्ला काही केल्या मोकळा होईना. मी रडकुंडीला आले. तेव्हा माझी ही मैत्रीणच आपलं मशीन बंद करून उठली. "साहेब, ती कशी बसलीय बघा तरी! माणूस हाय का न्हाय?"

साहेबानं आवाजही चढवला नाही. तिच्याकडं बोट करून सगळ्या लाइनीला म्हणाला, "आजपासून हिच्याशी कुणी बोलायचं नाही. बोलेल तिनं उद्यापासून घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी गाडीत चढले तर पर्स जागेवर होती. पुढच्याच बाकावर साहेबाला चुगल्या पोचवणारी बाई बसलेली. माझी टरकली. मान खाली घालून मी मागं जाऊन बसले. माझ्यासाठी भांडली ती, आणि मी अशी! तिनं तीन दिवस जागा धरली. चौथ्या दिवशी पर्स तिच्या मांडीवर होती. पुढं महिन्याभरात तिनं काम सोडलं.

माझी नोकरी राहिली. गाडीत आता दोन्ही जागा मलाच. पण मनातलं बोलावं असं एक माणूस त्या कारखान्यात उरलं नाही. मी एकटी पडले, आणि ते माझंच करणं. दोष तरी कुणाला देऊ?

शेवटी एका रविवारी धीर करून निमगावला तिच्या घरी गेले. दारात मेथी निवडत बसली होती. "ये," म्हणाली. आत जाऊन पाणी आणलं. माफी कशी मागायची ते मी वाटेत घोकत आले होते. तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं रस्त्याकडं दोन्ही बाजूंनी बघून घेतलं आणि हळूच विचारलं,

"साहेबानं पाठवलं व्हय तुला?"