नारळाचासुद्धा हिशेब

लेक पाचवीत होती तेव्हा शाळेतून आली की दप्तर दारात टाकून चाळीच्या टोकाला संडासाकडे पळायची. घाटकोपरच्या त्या शाळेत मुलींसाठी एकच संडास होता आणि त्याला कडी नव्हती, म्हणून पोरी दिवसभर कळ काढत. माझा जीव तुटायचा.

इमारत निधी मात्र दर जूनला आम्ही न चुकता भरत होतो. नवा संडास कधी बांधणार, असं विचारलं की मुख्याध्यापिका म्हणत, पैसे नाहीत. मग निधीचा हिशेब तरी दाखवा म्हटलं, तर तो संस्थेचा आतला मामला, पालकांना दाखवत नाहीत. माझं डोकंच फिरलं. कोणीतरी नक्की हात मारतंय, अशी माझी खात्री झाली.

माझा नवरा चाळीच्या गणपती मंडळाचा खजिनदार होता. विसर्जन झालं की सगळा जमाखर्च तो जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे टोमणे ऐकायचा. वाट लागायची बिचाऱ्याची, पण फळा कधी चुकला नाही.

पालकसभेला संस्थेचे अध्यक्ष आले होते, धोतर-कोटातले कडक म्हातारे. मी बोलायला उठले. नवऱ्याने खालून पदर ओढला, तरी बसले नाही.

"आमच्या मंडळात नारळाचासुद्धा हिशेब फळ्यावर लागतो. शाळेचा का लागू नये?"

मागून सगळे पालक हो हो करू लागले. अध्यक्ष लालबुंद झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या सोमवारी फाटकाशी फळा लागला. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. सगळा निधी सभागृहासाठी बँकेत पडून होता. अध्यक्षांना डोळे मिटण्याआधी शाळेच्या स्टेजवर मखमली पडदा बघायचा होता. चोर नव्हतेच, हौशी होते. मला हायसं वाटलं आणि रागही आला. फळ्यापुढे जमलेल्या आयांनी तिथेच ठरवून टाकलं, आधी संडास. इतक्या बायकांपुढे अध्यक्षांचं काही चाललं नाही.

दिवाळीनंतर उद्घाटन झालं. नव्या दाराला लाल फीत, समोर पाहुणे, आणि भाषण काही संपेना. रांगेत माझी लेक चुळबुळत होती. एकदम ती वाकून फितीखालून आत शिरली आणि दार लावून घेतलं. मला हसू आवरेना. अध्यक्ष कात्री घेऊन पुढे आले आणि तसेच उभे राहिले. फीत कापा ना, असं पाहुणे म्हणाले, तर त्यांनी मान हलवली.

"थांबा जरा. पोरगी आत आहे."