अण्णांची साक्ष आणि सोयाबीनचा खिमा

टेंभुर्णीच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा माय रडली नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ह्यांना इंदूरजवळच्या पिथमपुरात कारखान्यात नोकरी लागली होती. मायनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं आणि म्हणाली, "परमुलखात चालली. दिसंल ते खाऊ नको. विचारून खा." मागे उभे असलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, गंभीरपणे मान हलवत होते. मायच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं.

गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक असेल की परमुलखात पहिली ओळख होते ती शेजारच्या स्वयंपाकघराशी. आम्ही इंदूरला खोली घेतली, तिथली माझी शेजारीण शर्मा भाभी. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं हिंदी म्हणजे जालन्याच्या बाजारात शिकलेलं. पण भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जाऊ लागल्या. मी ठेचा दिला की तिचे डोळे भरून यायचे, मला वाटायचं मायेनं. एकदा तिनं तपकिरी दाण्यांची, मटार घातलेली सुकी भाजी पाठवली. मायचं ऐकून मी विचारूनच खाल्ली. भाभी म्हणाली, सोयाबीनचा चुरा आहे, तेल काढल्यावर उरतं त्याचा. तेव्हा आमच्याकडच्या शिवारात सोयाबीन कुणी पाहिलेलंही नव्हतं. गरम पाण्यात भिजवायचं, घट्ट पिळायचं, कांदा-लसणावर परतायचं, की झालं. भाज्या महागल्या की आमच्या घरी तेच. माझी मुलगी चालायला लागली तोवर त्या भाजीशिवाय पोळीला हात लावेनाशी झाली.

भाभी त्याला सोया कीमा म्हणायची, आणि घाईत असली की नुसतंच कीमा. सगळा घोटाळा तिथं झाला.

नातीला बघायला माय पहिल्यांदा इंदूरला आली. मी हौसेनं गरम मसाला घालून चुरा केला होता. माय पाटावर बसलेली, ताट पुढ्यात, आणि भाभीनं दारातून डोकावून विचारलं, "कीमा कैसा बना, दीदी?" मायला हिंदी येत नव्हतं, पण तेवढा एक शब्द तिला पक्का कळत होता. तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोट बिघडल्याचं सांगून उठली. त्यानंतर ती राहिली तितके दिवस सोबत आणलेल्या भाकरीच्या तुकड्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर राहिली. मी लिंबू-साखर देत होते, ओवा देत होते. ती पाणीसुद्धा स्वतः नळावर जाऊन ओंजळीनं प्यायची. मला वाटलं, शहराचं पाणी बाधलं असेल.

त्या दिवाळीला मला न्यायला कुणी आलं नाही. दरवर्षी भाऊ मुराळी म्हणून यायचा. यंदा निरोपही नाही. मी दारात रांगोळी काढून वाट पाहिली आणि शेवटी ह्यांना म्हटलं, आपणच जाऊ. मुलीचं खाणं म्हणून चुऱ्याचं पाकीट पिशवीत टाकलं.

घरी पोचलो तर मायनं पोरीला कडेवर घेतलं, पण मला पाणी दिलं ते ओसरीवर, वेगळ्या पेल्यात. स्वयंपाकघराकडे निघाले तशी ती दारात आडवी झाली. तेव्हा मात्र मला रडू आलं. काय झालं ते तरी सांग म्हटल्यावर ती एवढंच बोलली, "तू तुझ्या घरी काय बी खा. माझ्या चुलीपाशी येऊ नको."

मग सगळं बाहेर आलं. मी सोयाबीनचं सांगितलं, ह्यांनीही समजावलं, पण मायचा विश्वास बसेना. दाण्याचा खिमा होतो, हे तिला आम्ही दोघांनी मिळून रचलेलं वाटत होतं. आता हे मिटलं नाही तर मला माहेर उरत नव्हतं. मी पाकीट काढलं. अंगणात तीन दगड मांडले, शेजारून पातेलं आणलं, कारण मायनं आपलं दिलं नाही, आणि सगळ्यांसमोर भाजी केली. बायका कुडाशी गोळा झाल्या. वास सुटला तशी माय पदर नाकाला लावून लांब उभी राहिली. चव कुणी घेईना. तेव्हा अण्णा पुढं आले. लेकीवरचा आळ त्यांना बघवला नाही. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं, पुन्हा घेतलं आणि पंच निकाल देतात तसं म्हणाले, "हा खिमा न्हाईच. खिम्याला तेलकट चरबी सुटती. अन् हात धुतला तरी वास जात न्हाई बोटाचा. हे तर बिलकुल कापसावानी हाये."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी सुटले. आणि मग हळूहळू त्या माना अण्णांकडे वळल्या.

मायनं नाकाचा पदर काढला. "म्हंजे जालन्याहून आल्यावर तुमचं पोट जड व्हायचं," ती शांतपणे म्हणाली, "अन् मी रातभर ओवा भाजून देत व्हते, ते हे."

अण्णांनी आणखी एक चिमूट घेतली, कारण आता तेवढंच हातात होतं. पुढे कळलं की जालन्याच्या मोंढ्यात कापूस विकला की तिथल्या एका खानावळीत बसायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम होता.

त्या संध्याकाळी मायनं मला चुलीपाशी बसवून वाढलं. अण्णांचं ताट ओसरीवर गेलं, वेगळ्या पेल्यासकट, आणि बरेच दिवस तिथंच राहिलं. पण मी निघाले तेव्हा मायनं हळूच विचारलं की ते पाकीट तिकडं नेहमी मिळतं का. तेव्हापासून मी येताना पिशवीभर चुरा आणायचे. अण्णा जालन्याला गेले की त्या संध्याकाळी माय काळा मसाला घालून तो करायची आणि त्यांना सकाळीच बजावायची की उपाशी या. ते कधी उपाशी यायचे, कधी नाही. पण ताट मात्र पुसून खायचे. पुढे आमच्या शिवारात सोयाबीन पेरलं जाऊ लागलं, तेव्हा अण्णांनी ते एका पट्टीत हट्टानं पेरलं. ह्या दाण्यानं मला घराबाहेर काढलं, म्हणत.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. परवा पित्तराला मी गावी होते. मायनं कढी-वडे केले, खीर केली, आणि सगळ्यांच्या नजरेसमोर ताटात चुरासुद्धा वाढला. ताट माळवदावर ठेवून आम्ही दोघी खाली बसलो. कावळा आला. त्यानं खीर खाल्ली, वडे पळवले, आणि चुऱ्याला चोचही लावली नाही.

माय वर बघत राहिली. मग म्हणाली, "तिकडं खरा मिळून राह्यला वाटतं त्यांना." आणि पदर तोंडाशी धरून हसू लागली. हसता हसता डोळे पुसले तिनं.

इंदूरला भाभी मला विचारते, घर कब जाओगी, म्हणजे टेंभुर्णीला. त्या दिवशी जेवताना मायनं विचारलं, घरी कधी जाणार, म्हणजे इंदूरला. मी तिला म्हटलं, जाईन दोन दिवसांनी. तिनं न विचारता उरलेला सगळा चुरा माझ्या ताटात वाढला, आणि मीही न विचारता खाल्ला.